ओल्या पदराचं शुद्धिपत्र

छापलेलं आहे एवढ्याच कारणासाठी खरं मानलेलं शेवटचं वाक्य तुम्हाला आठवतंय का?

मला आठवतं. ते असं होतं: "आपल्या कारखान्यातली पावडर दह्याच्या विरजणाइतकीच निर्धोक आहे." गुलाबी कागदावर, ठळक टाइपात, खाली दोन रेघा. ते मीच लिहिलं होतं. त्यानंतर दहा महिन्यांनी त्याच पावडरीमुळे मी हॉस्पिटलच्या खाटेवर ऑक्सिजनचा मास्क लावून बसले होते, आणि माझं पत्रक कारखान्याच्या दारावर प्लास्टिकच्या आवरणात दिमाखात लटकत होतं.

"बसले होते" असं म्हणतेय, कारण दम लागलेल्या माणसाला आडवं होता येत नाही. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांच्यासाठी मी लिहितेय. ज्यांना ठाऊक नाही, पण ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, त्यांनी तर वाचायलाच हवं.

पत्रकांचं घर

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिकांचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे आणि उरलेल्या कागदावर वस्तीसाठी पत्रकं छापायचे. हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, नळाच्या पाण्यासाठी. वरळीची खोली सोडून आम्ही मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्यात राहायला आलो तेव्हा सामानात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते, हे आई अजून चिडून सांगते. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य "भोंदूंना हाकला" हे होतं. पाच वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? पण छापलेल्या शब्दात ताकद असते, एवढं मला तेव्हाच कळलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. एके दिवशी आमच्या सरांनी फळ्यावर एक नवा शब्द लिहिला: बायोटेक्नॉलॉजी. म्हणाले, "जिवाणूला कामगार करायचं आणि त्याच्याकडून माणसाच्या उपयोगाची वस्तू बनवून घ्यायची." वर्गातल्या पोरी वहीत लिहून घेत होत्या. माझ्या अंगावर मात्र काटा आला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव औषध बनवतो, साखर तोडतो, डाग खातो! यात कुणाची जात नाही, कुणाचा आशीर्वाद नाही, नवस नाही. मी घरी येऊन अण्णांना म्हटलं, "तुमची सगळी पत्रकं एका बाजूला आणि हे एका बाजूला."

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "मग शीक. पण शिकून झाल्यावर लोकांना कळेल असं लिही."

मी एम.एस्सी. केलं. संशोधनाची जागा लगेच मिळेना, म्हणून नोकरी धरली. भाईंदर पूर्वेला, खारीजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीन गाळे मिळून एक छोटा कारखाना होता. पहिल्या गाळ्यात टाक्यांमध्ये जिवाणू वाढायचे, दुसऱ्यात त्यांनी तयार केलेलं एन्झाइम वाळवून त्याची पावडर व्हायची, तिसऱ्यात ती पावडर पिशव्यांत भरली जायची. कपड्यावरचे रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग खाणारं हे एन्झाइम धुण्याच्या पावडरी बनवणारे विकत घेत. मालक स्वतः केमिकल इंजिनियर, माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. मी तिथली एकमेव बायोटेक्नॉलॉजिस्ट. पहिल्या दिवशी टाकीच्या काचेतून तो फेसाळ तपकिरी रस्सा बघताना मला गहिवरून आलं होतं. हसू नका. खरंच आलं होतं.

माझी चूक

पॅकिंगच्या गाळ्यात सात बायका होत्या, बहुतेक खारी गावातल्या. त्यांची पुढारी हिराबाई. पन्नाशीची, दणकट, आवाज पहाडी. या बायका तोंडाला ओला पदर बांधून काम करायच्या. दर तासाला नळाखाली पदर धरायचा, पिळायचा, परत नाकावर बांधायचा. दाराच्या चौकटीला लिंबू-मिरची टांगलेली.

मी विचारलं, "हे काय?"

हिराबाई म्हणाल्या, "या जागेची बाधा हाय म्याडम. हितं आलं का नाक गळतं, डोलं चुरचुरतात. घरी गेल्यावर खोकला. दर्ग्यावर जाऊन आलो, गावदेवीला नारळ दिला. ओला पदर बांधला तर जरा कमी बाधतं."

बाधा! मी बाधा हा शब्द ऐकला आणि पुढचं काहीच ऐकलं नाही. माझ्या कानात सगळी लहानपणीची पत्रकं एकदम वाजायला लागली. या बायका खोकल्याबद्दल बोलत होत्या, मी भुताबद्दल ऐकत होते. त्यांनी मला लक्षण सांगितलं, वेळ सांगितली, जागा सांगितली आणि उपायही सांगितला. इतकी नेटकी हकिगत डॉक्टरसमोर मलाही देता आली नसती. आणि मी, शास्त्र शिकलेली बाई, तिच्यातल्या एका शब्दावर अडकून बसले.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. "भगिनींनो, एन्झाइम म्हणजे विष नव्हे. दही जसं विरजणातून होतं, तशी ही पावडर निसर्गातल्या जिवाणूंपासून होते. आपल्या कारखान्यातली पावडर दह्याच्या विरजणाइतकीच निर्धोक आहे. बाधा वगैरे काही नसतं. तोंडं झाकू नका, भीती टाका." अण्णांनी मोठ्या अभिमानानं खिळे जुळवले, पंचवीस प्रती काढल्या. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी एक प्रत दारावर लावली.

मी लिंबू-मिरची उतरवली. ठीक. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. मी एकेकीच्या मागे लागून ओले पदर सोडायला लावले. स्वतः बिनपदराची पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहिले, मूठभर पावडर उचलून हुंगून दाखवली, म्हटलं, "बघा. मला काय झालं?"

हिराबाईंनी पदर सोडला आणि खांद्यावर टाकत म्हणाल्या, "तू सांगतेस म्हणून. तुझ्या आईबापानी तुला यवढी शिकवली, ती काय उगाच?"

"ब्राँकायटिस सांग"

मला काही झालं नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. या आजाराचा हाच तर डाव असतो. शरीर आधी बराच काळ गप्प बसून ओळख करून घेतं. मग एक दिवस ठरवतं, हा परका.

पाचव्या-सहाव्या महिन्यात शिंका सुरू झाल्या. मग संध्याकाळी घरी आल्यावर खोकला. मग जिना चढताना छातीत बारीक शिट्टी. मीरा रोडच्या आमच्या डॉक्टरांनी तीनदा औषधं बदलली. चौथ्यांदा छातीला स्टेथोस्कोप लावून म्हणाले, "हा दमा आहे. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. आणि हा तोंडानं ओढायचा पंप ठेवा जवळ."

निदानाचा दिवस लोक विसरत नाहीत म्हणतात. मला डॉक्टरांचं वाक्य तितकं आठवत नाही, आईचा चेहरा आठवतो. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं पंप माझ्या हातातून घेतला, रुमालात गुंडाळला आणि पर्सच्या तळाशी घातला.

"कुणी विचारलं तर ब्राँकायटिस सांग."

"आई, ते खोटं आहे."

"खोटं नाही, मोघम आहे. वरच्या आळीतल्या त्या लोकांकडून मागणी येतेय. मुलीला दमा आहे म्हटल्यावर चहासुद्धा प्यायचे नाहीत."

"मग नको पिऊ देत."

"तुला काय, तू पत्रक काढशील त्यावर!"

मला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून दम लागला, आणि भर रस्त्यात आईलाच पर्सच्या तळातून पंप शोधून द्यावा लागला. शोधताना किल्ल्या, कंगवा, बसची तिकिटं, सगळं रस्त्यावर पडलं. त्या दिवसापासून तिनं पंप वरच्या कप्प्यात ठेवला. आमच्या घरातली पहिली क्रांती ती.

अण्णा मात्र पंपाकडे संशयानं बघायचे. पंपाची सवय लागते, फुप्फुसं आळशी होतात, असं त्यांच्या छापखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. आयुष्यभर भोंदूंशी भांडलेला माणूस, पण मुलीच्या बाबतीत ऐकीव गोष्टीला घाबरला. भीतीपुढे आपण सगळे सारखेच असतो.

टेम्पो

एका दुपारी, चारच्या चहाच्या वेळी, मी पॅकिंगमध्ये वजनं तपासत होते. एक पिशवी फाटली. पिवळसर धूळ उठली, उन्हाच्या तिरिपेत चमकली, आणि मी श्वास आत घेतला तो बाहेर जाईनाच. दम्याचा झटका ज्यांनी अनुभवला नाही त्यांना एवढंच सांगते: हवा मिळत नाही असं नसतं, आत गेलेली हवा सुटत नाही. फुगा फुगतच जातो. बोलायचं असतं आणि एका श्वासात एकच शब्द निघतो.

पंप दोनदा ओढला. उपयोग नाही. कारखान्याचा टेम्पो उभा होता. हिराबाईंनी मला जवळजवळ उचलून त्यात बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. माझी पाठ चोळत होत्या.

"बोलू नको. पुढं वाक. हात गुडघ्यावर ठेव. हां. आता फुंकर मार, दिवा विझवल्यासारखी. हलू."

मी कसाबसा एक शब्द काढला. "तुम्हाला... कसं..."

"मना पन असाच होतंय पोरी. चार महिनं झाले. पदर सोडला त्याचे मागनं चालू झाला."

कारखान्याच्या फाटकापासून हॉस्पिटलपर्यंतचा तो सगळा रस्ता मला दोन गोष्टींनी गुदमरवलं. पहिली माझ्या श्वासनळ्या, दुसरी हे वाक्य.

वॉर्डातले दिवस

मुंबईच्या त्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मी सहा दिवस होते. सकाळी साडेपाचला सिस्टर थर्मामीटर तोंडात खुपसायची. सातला चहा, गोड मिट्ट. आठला झाडणारी मावशी, तिच्या झाडूची धूळ, आणि आम्ही दमेकरी बायका एका सुरात, "मावशी, आधी पाणी शिंपडा!" नऊला डॉक्टरांची फेरी. दुपारी औषधाची वाफ तोंडावाटे घ्यायचं मशीन. मशीन एक, रुग्ण आठ. त्यामुळे रांग, आणि रांगेत वाद. "मला जास्त घरघर आहे." "हट्, माझी ऐक."

शेजारच्या खाटेवरची आजी दर वाफेनंतर म्हणायची, "आता एक लुगडं वाळत घालू शकते." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता दोन." ही तिची मोजपट्टी. मला ती फार आवडली. त्या वॉर्डात अशा बारीक बारीक दयाळू गोष्टी होत्या. खिडकीजवळची खाट मला देणारी एक अनोळखी मुलगी. दोन उशा हव्यात हे न सांगता ओळखणारी सिस्टर.

आणि डॉक्टर मॅडम. छातीच्या विभागाच्या. बारीक, घाईच्या, केस कायम सुटलेले. त्यांनी चौथ्या दिवशी माझ्या खाटेवर बसून केसपेपरच्या मागे एक नळी काढली. "लोकांना वाटतं दमा म्हणजे नळी आवळते. आवळते, पण ते वरचं. आत बघ. आतल्या अस्तराला सूज आहे. दाह. घशात फोड आल्यावर जसं लाल होतं तसं, पण कायमचं. आवळणं सोडवणारा पंप तुला दिला, सूज उतरवणारा कुणी दिलाच नाही. हा रोज घ्यायचा. बरं वाटलं तरी."

"सवय लागेल?"

"दात घासायची लागली तशी लागेल."

दाह! त्या एका शब्दानं माझ्या डोक्यात दिवे लागले. म्हणजे माझ्या नळ्यांच्या अस्तरात एक लढाई चालू होती. पेशी गोळा होत होत्या, एकमेकींना निरोप धाडत होत्या, परक्याला हाकलत होत्या आणि हाकलता हाकलता घरच उद्ध्वस्त करत होत्या. मी पुस्तकात वाचलेल्या त्याच पेशी! मी मास्क लावलेल्या तोंडानं प्रश्न विचारत सुटले. कुठल्या पेशी? आधी कुठली येते? निरोप कशाचा असतो? मॅडम हसल्या. "तू रुग्ण आहेस की परीक्षक?"

मग त्यांनी तो महत्त्वाचा प्रश्न विचारला. "कामावर काही पावडर वगैरे असते? रविवारी बरं वाटतं का?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. रविवारी तर जास्तच असतं."

"मग कामाचा संबंध नसावा," असं म्हणून त्यांनी कागदावर काट मारली.

वही

घरी सोडताना मॅडमनी मला एक नळी उसनी दिली, प्लास्टिकची, हातभराहूनही छोटी, वर काटा. जोरात फुंकर मारायची, काटा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. दिवसातून चारदा, दीड महिना. मी पंधरा दिवस रजेवर होते. रजेत आकडा चढत गेला. औषधानं चढतोय, असं मी धरलं. मग कामावर परतले. आकडा पडला. हवेनं पडला असेल, म्हटलं. खाडीवरचा वारा, मिठागरांकडची दमट हवा, बेव्हर्ली पार्कच्या बाजूला चाललेल्या बांधकामांची धूळ. कारणांची काय कमी! हिराबाईंचं वाक्य टोचत होतं, पण मॅडमनी मारलेली काट मला सोयीची होती.

कामावर परतून महिना झाला तेव्हा मी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले आणि जोडले. जेवणाच्या पाटावर कागद पसरला होता, आई पोळ्या लाटत होती, अण्णा पेपर वाचत होते.

रजेनंतरची रेघ दातेरी आली. पाच-सहा दिवस खाली, मग एकदम वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. नियमित. करवतीसारखी. मी वर गेलेल्या टोकांखाली वार लिहीत गेले. शुक्रवार. शुक्रवार. शनिवार सकाळ. शुक्रवार.

मी इतक्या जोरात ओरडले की आईच्या हातून लाटणं पडलं.

"अण्णा! आमची सुट्टी शुक्रवारी असते!"

"मग? वीजमंडळानं सुट्ट्यांची पाळी लावून दिलीय. तिकडच्या सगळ्या गाळ्यांची शुक्रवारीच असते."

"मॅडमनी मला रविवारचं विचारलं होतं!"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. रविवारी मी पॅकिंगमध्ये उभी असायचे! सगळ्या जगाचा रविवार हा सुट्टीचा, असं धरून एक हुशार डॉक्टर प्रश्न विचारते, एक हुशार रुग्ण खरं उत्तर देते, आणि दोघी मिळून चुकतात. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, त्या क्षणी मी आनंदानं नाचत होते. माझ्या छातीनं महिनाभर सत्य लिहून ठेवलं होतं, आणि मला ते वाचता आलं होतं!

गांध

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मॅडमकडे गेले. त्या प्रत्येक टोकावर बोट ठेवत गेल्या. मग म्हणाल्या, "शुक्रवार. मी किती जणांना रविवार विचारला असेल." आणि कपाळावर हात मारून घेतला. मोठी माणसं अशी चूक कबूल करतात हे मी तिथं पाहिलं.

खात्री करायची होती. कारखान्यातली चिमूटभर पावडर घट्ट बंद बाटलीत आणली होती. ती पाण्यात हजारो पट पातळ करायचं काम मॅडमनी माझ्याकडेच दिलं. त्यांच्या देखरेखीखाली, झटक्याची औषधं हाताशी ठेवून, त्यांनी त्याचा एक थेंब माझ्या हातावर ठेवून सुईनं बारीक टोचलं. शेजारी नुसत्या पाण्याचा थेंब, तोही टोचला. हे घरी कुणी करू नका. जिवावर बेतू शकतं.

आम्ही दोघी हाताकडे टक लावून बसलो. पाचव्या मिनिटाला खाज. दहाव्या मिनिटाला पावडरीच्या जागी लाल, फुगीर गांध उठली, मधे पांढरी, कडेला गुलाबी. पाण्याच्या जागी काही नाही.

"आली! आली!" मी ओरडले.

सिस्टर धावत आली. "काय झालं? रिअॅक्शन आली?"

"हो! बघा किती सुंदर आली!"

सिस्टरनं मॅडमकडे पाहिलं, ही बाई नक्की कुठल्या वॉर्डात असायला हवी, अशा नजरेनं.

ती गांध उठली तेव्हा संशोधक म्हणून माझा जन्म झाला. मी तिच्याकडे बघत होते आणि एक प्रश्न मनात उभा राहिला: एकाच हवेत आम्ही आठ बायका. मग काहींना हे होतं आणि काहींना का होत नाही? शरीर कधी ठरवतं? कोण ठरवतं?

पण परत येताना आनंद ओसरत गेला. कारण दुसरं एक सत्यही तेवढंच सिद्ध झालं होतं. हिराबाईंना मी आजारी पाडलं होतं. पावडर साहेबांची होती, पण पदर मी सोडवला होता. आणि त्या या क्षणीही तिथं उघड्या नाकानं पिशव्या भरत होत्या, कारण माझ्या पत्रकावर त्यांचा विश्वास होता.

साहेब

साहेबांना मी आलेख दाखवला. ते इंजिनियर, त्यांना रेघ वाचता येते. त्यांनी ती वाचली. चेहरा उतरला.

"हे तुमच्या बाबतीत असेल. प्रत्येकाला कशाची ना कशाची अॅलर्जी असते."

"हिराबाईंनाही आहे. अजून दोघींना असावी."

"त्यांना काय सांगणार तुम्ही? घाबरून काम सोडतील. सोडलं तर खातील काय? हा विचार केलात?" मग आवाज मऊ करून, "तुमचा संशोधनाच्या जागेसाठी अर्ज आहे ना? मुलाखतीला अनुभवपत्र लागेल. उत्तम पत्र देतो. तुम्ही आता विश्रांती घ्या. इथलं मी बघतो. हळूहळू."

हळूहळू! वाईट माणूस नव्हता तो. म्हणूनच अवघड होतं. त्या पत्राशिवाय मला मुलाखतीत कोण विचारणार होतं? आणि हिराबाईंच्या पोटाचा प्रश्न तर खराच होता.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते पत्रक त्यांनी जुळवलं होतं, त्यांच्या हातचे खिळे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पुस्तकात चूक गेली तर आम्ही काय करतो?"

"शुद्धिपत्र लावता."

"कसं? त्याच मापाचं. त्याच कागदावर. तेवढ्याच प्रती. आणि चूक ज्याच्या हातात गेली, त्याच्याच हातात ते द्यायचं. पंचवीस काढल्या होत्या ना? मग पंचवीस."

"अनुभवपत्र मिळणार नाही, अण्णा."

"मजकूर लिही," ते म्हणाले. "उद्या गुलाबी कागद शिल्लक आहे का बघतो."

जेवणाची सुट्टी

दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, पॅकिंगच्या गाळ्याबाहेर, मी सातही जणींच्या हातात गुलाबी कागद दिला. निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"भगिनींनो, माझ्या आधीच्या पत्रकात चूक आहे. पावडर निर्धोक नाही. तिची धूळ नाकातोंडात गेली तर काहींना दमा होतो. मला झाला आहे. बाधा नव्हती, पण त्रास खरा होता, आणि तुम्ही तो ओळखला होता. ओला पदर ही अंधश्रद्धा नव्हती. तो पुरेसा नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा आहे. चांगला मास्क आणि धूळ ओढून घेणारा पंखा हा तुमचा हक्क आहे. पदर सोडायला मी लावला. दोष माझा." खाली माझं पूर्ण नाव.

डबे उघडे, घास हातात. हिराबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या ओरडतील, रडतील, मारतीलसुद्धा, असं वाटलं.

"म्हंजे आमी सांगत होतो ता खरा होता?"

"हो."

"यवढा शिकलीस, आनि तुला छाती भरल्यावर समजला?"

"हो."

एकजण फिसकन हसली. मग दुसरी. हिराबाई हसल्या नाहीत. उठल्या, नळाकडे गेल्या, पदर भिजवला, पिळला, नाकावर बांधला. कापडाआडून म्हणाल्या, "परत वाच. मागच्यांना ऐकू न्हाय गेला."

मी परत वाचलं.

त्या दिवशी दुपारी पॅकिंग सुरूच झालं नाही. सातही जणी दारात बसून राहिल्या. कुणीही काम सोडलं नाही, कुणीही आत गेलं नाही. संध्याकाळी साहेब स्वतः बाहेर आले आणि हातात वही घेऊन हिराबाईंना विचारू लागले, पंखा नक्की कुठं बसवायचा. हिराबाईंनी बोटानं जागा दाखवली. पुढं साहेबांनी पावडरीऐवजी ओलसर दाणे बनवायची पद्धतही आणली, पण त्याला वर्ष लागलं.

अनुभवपत्र मला मिळालं नाही. मुलाखतीला मी आलेख नेला आणि दोन गुलाबी कागद. समोरच्या तिघांपैकी एकानं विचारलं, "तुमचा संशोधनाचा प्रश्न काय?" मी म्हटलं, "आठ जणी, एक हवा. चौघींना दमा झाला. बाकीच्या चौघींच्या श्वासनलिकांनी असं काय केलं, जे आमच्या नळ्यांना जमलं नाही?" ते एकमेकांकडे बघू लागले. त्यानंतर त्यांनी मला चहा विचारला आणि प्रश्न तासभर चालले. आज चार वर्षं मी त्याच प्रश्नावर काम करतेय. उत्तर अर्धंमुर्धंही मिळालेलं नाही, आणि मी रोज सकाळी धावत प्रयोगशाळेत जाते. जिन्यावर मात्र चालत.

माझा दमा गेलेला नाही. सूज उतरवणारा पंप रोज सकाळ-संध्याकाळ घेते. हिराबाईंनी पॅकिंग सोडलं, आता त्या बाटल्या धुण्याच्या कामावर आहेत. दर तीन महिन्यांनी त्यांना मी मॅडमकडे नेते. त्यांची छाती माझ्याइतकी सुधारली नाही. दम लागत असतानाही त्या कित्येक महिने औषधाशिवाय, उघड्या नाकानं धुळीत होत्या. ते महिने माझ्या खात्यावर आहेत, आणि कुठल्याही शोधनिबंधानं ते पुसले जाणार नाहीत.

आता तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरात, शेजारी, हाताखाली कुणी खोकत असेल, कामावरून येऊन धापा टाकत असेल, तर त्या माणसाला आधी एवढंच विचारा: तुझी खरी सुट्टी कुठल्या वारी असते? मग त्याला एक वही द्या. पंधरा दिवस रोज चार वेळा त्यानं लिहावं, श्वास कसा आहे, तेव्हा तो कुठं होता. आकडा मोजायची नळी नसेल तर लुगडी मोजा, पायऱ्या मोजा, एका दमात किती शब्द बोलता येतात ते मोजा. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून द्या. चालू औषध थांबवू नका. आणि ती वही घेऊन त्या माणसासोबत स्वतः डॉक्टरांकडे जा. तो ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत लिहा. एकही शब्द सुधारू नका.